विचाराला साक्षीदार

माझी एक भाची बॉस्टनमध्ये शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी, दिवसभर मुलांना अपूर्णांक समजावून झाल्यावर, आठवड्यातून एका संध्याकाळी ती मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या खाडीकाठच्या आवारात एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाऊ लागली. आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव तिने मला कळवले तेव्हा, खरे सांगायचे तर, मला हसू आवरले नाही. नाव होते ‘चिकित्सक आणि सर्जनशील विचार’. तर्कशास्त्र शिकवता येते, इतिहास शिकवता येतो, फार काय पोहणेही शिकवता येते. परंतु विचार करणे हाच ज्याचा विषय त्याची पदवी देणे म्हणजे श्वासोच्छ्वासाची सनद देण्यासारखेच नव्हे काय, असे मी तिला पत्रातून विचारलेही.

उत्तरात तिने वाद घातला नाही, नुसता तपशील लिहिला. वर्गात तिच्यासारखे शिक्षक होते, रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक परिचारिका होती, चित्रे काढून पोट न भरणारा एक चित्रकार होता. बैठकीच्या आरंभी जो तो आपापली वार्ता सांगे : कोणाचा लेख छापून आला, कोणत्या शाळेत जागा रिकामी आहे, कोणत्या ग्रंथालयाला विनावेतन मदतनीस हवे आहेत, कोणाचे व्याख्यान कधी. मग दोघादोघांच्या जोड्या पडत. एकाने पाच मिनिटे आपला अडलेला विचार बोलायचा आणि दुसऱ्याने सल्ला न देता, मान न डोलवता नुसते ऐकायचे. “मामा, यातले सगळ्यांत अवघड काम ऐकणाऱ्याचे,” असे तिने शेवटी लिहिले होते.

हे वाचून माझे हसू ओसरण्याऐवजी वाढलेच. चिंतन म्हणजे एकांत, हा संस्कार आपल्या हाडीमासी इतका खिळलेला आहे की नोकरीच्या वार्तांनी सुरू होणारी विचारसभा आपल्याला बाजारासारखी वाटते. तुकोबांचे नाव निघताच आपल्या डोळ्यांपुढे भंडाऱ्याचा डोंगर उभा राहतो. त्या डोंगरावरून उतरून ते कीर्तनाला लोकांत उभे राहत, ही गोष्ट तितक्या तातडीने आठवत नाही. विचार खरोखर एकट्याने होतो की दुसऱ्याच्या सान्निध्यातच होतो, हा प्रश्न माझ्या मनात प्रथम असा, थट्टेच्या वाटेने, शिरला.

त्याची एक कैफियत त्या बॉस्टनच्या शेजारीच मांडली गेलेली आहे. नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये १८७२ च्या सुमारास काही तरुण मंडळी ‘मेटाफिजिकल क्लब’ असे काहीसे उपहासाचे नाव घेऊन जमत. त्यांत चार्ल्स पर्स होता, विल्यम जेम्स होता, पुढे न्यायमूर्ती म्हणून गाजलेला होम्स होता. त्यांपैकी पर्सने १८७७ साली एका निबंधात, मनुष्य आपली समजूत पक्की कशी करतो, याची छाननी केली. पहिला मार्ग हट्टाचा, दुसरा हुकुमाचा, तिसरा बुद्धीला जे रुचेल ते धरण्याचा आणि चौथा शास्त्राचा. हट्ट टिकत का नाही, याचे त्याने दिलेले कारण मला फार मार्मिक वाटते. हट्ट युक्तिवादात हरतो म्हणून ढासळतो असे नव्हे. हट्टी मनुष्यही अखेर चार माणसांत वावरतो, आणि शेजाऱ्याची समजूत आपल्या समजुतीइतकीच प्रामाणिक असूनही निराळी आहे हे एकदा ध्यानात आले की त्याची झोप उडते. शंका ही अशी संगतीतून येते. ज्याने संशोधकांच्या समुदायाला सत्याचा आधार मानले, त्या पर्सच्या स्वतःच्या वाट्याला मात्र १८८४ मध्ये विद्यापीठातली जागा गमावणे आले आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका गावी दारिद्र्यात आणि जवळपास एकांतात १९१४ मध्ये मरण आले. जेम्सने मित्रांकडून वर्गणी जमवली म्हणून त्याचा चरितार्थ कसाबसा चालला. रिकाम्या जागेची वार्ता विचारापेक्षा हलकी मानणाऱ्यांनी हा दाखला दफ्तरी ठेवावा.

परंतु अभ्यासक्रमाच्या नावातली ‘चिकित्सक’ आणि ‘सर्जनशील’ ही जोडी मला अधिक ओळखीची वाटू लागली ती राजशेखरामुळे. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कनोजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयाला राहिलेला, आणि ज्याच्या पणजोबांचा गौरव ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून झाला होता असा हा कवी ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे दोन भाग करतो : निर्माण करणाऱ्याला उपकारक ती कारयित्री, आणि जाणून घेणाऱ्याला उपकारक ती भावयित्री. दोन्ही एकाच माणसात नांदतात की नाही, याविषयी तो मतभेद नोंदवतो. सोने देणारा दगड वेगळा आणि त्याचा कस लावणारा वेगळा, अशा आशयाचे एक मत त्याने दिले आहे. कस लावणाऱ्यांचेही त्याने चार प्रकार सांगितले आहेत : ज्याला काहीच रुचत नाही तो, जो गवतासकट सगळेच गिळतो तो, मत्सरी, आणि तत्त्वावर नजर खिळवणारा, हा चौथा हजारांत एखादाच, असा त्याचा अनुभव. आमच्या साहित्यसंमेलनांतून पहिले तीन विपुल भेटतात, हे जाता जाता सांगून टाकतो.

त्याहून मला मोह पडतो तो त्याने आखलेल्या कवीच्या दिनचर्येचा. पहिल्या प्रहरी अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी, आणि चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या मंडळींत, सकाळी लिहिलेल्याची परीक्षा. कारण रचनेच्या आवेशात असताना विवेकाची दृष्टी नसते, ती मागाहून येते. म्हणजे सर्जन आणि चिकित्सा यांत मध्यान्हीचे भोजन आणि चार मित्र एवढे अंतर त्याने राखले आहे. आणि एक व्यवहारी ताकीदही दिली आहे : नवे काव्य एकट्याच माणसापुढे वाचू नये, त्याने ते आपलेच म्हणून सांगितले तर साक्षीदार कोठून आणणार? या ग्रंथात तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मते नाव घेऊन उद्धृत करतो. दहाव्या शतकातल्या पंडिताने पत्नीला प्रमाण मानावे, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या वर्गीकरणांपेक्षा मोठी वाटते.

हा ग्रंथ बडोदे संस्थानाने १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला अंक म्हणून छापला. त्याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ पासून तीन वर्षे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनी त्याच १९१६ च्या मे महिन्यात एका चर्चावर्गात जातिसंस्थेच्या उगमावरचा आपला निबंध वाचला. एकाच खजिन्यातून एकाच वर्षी एक प्राचीन विचारसभा पुन्हा उजेडात आली आणि एका नव्या विचारवंताला सभा मिळाली. कोलंबियात त्यांनी जॉन ड्यूई यांची व्याख्याने ऐकली. विचाराचा उगम अडचणीत असतो, वाटेला फाटा फुटला म्हणजे मनुष्य थांबतो आणि विचार करू लागतो, हे ड्यूईंनी १९१० च्या आपल्या ग्रंथात सांगितले होते. आणि लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नसून अनुभवांची देवघेव करीत एकत्र जगण्याची रीत, हा त्यांचा विचार शिष्याने जन्मभर जवळ बाळगला.

पण सभा देते तशी सभा काढूनही घेते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांना आपल्या १९३६ च्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदाचे आमंत्रण दिले. भाषणाचा मसुदा हाती पडल्यावर त्यातला धर्मग्रंथांच्या प्रामाण्यावरचा प्रहार मंडळाला सोसवेना. काटछाटीची विनंती झाली, त्यांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला, आणि अधिवेशनच रद्द झाले. त्यांनी स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या. त्या दोन महिन्यांत संपल्या. नियमांनी बांधलेला धर्म आणि तत्त्वांवर उभा धर्म यांतला भेद दाखवणाऱ्या त्या पुस्तकात त्यांनी ड्यूईंचे ऋण गुरू म्हणून मान्य केले आहे. पुढे गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका आणि आपले उत्तर शेजारी शेजारी छापले. ज्या सभेने दार लावले तिच्या जागी त्यांनी कागदावर दुसरी सभा भरवली, आणि प्रतिपक्षाला तीत मानाने बसवले. समुदायाची महती गाणाऱ्यांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. कारण एकमेकांना जपणारी मंडळी लवकरच एकमेकांच्या मतांनाही जपू लागतात, आणि मग गवतासकट गिळणाऱ्यांचीच पंगत बसते.

भाचीच्या वर्गाची मला भीती होती ती हीच. अभ्यासक्रमाच्या अखेरीस तिने वर्गात कधीच न बोलणाऱ्या मुलांविषयी पंचवीस पानी प्रबंध लिहिला आणि त्याचा मसुदा जोडीदार म्हणून त्या रात्रपाळीच्या परिचारिकेपुढे वाचला. बाईंनी नेमाप्रमाणे मुकाट्याने ऐकले. वेळ संपल्यावर त्या म्हणाल्या, “या पंचवीस पानांत तू त्या मुलांना एकदाही बोलू दिलेले नाहीस.” भाची दोन दिवस रागावली होती, असे तिनेच लिहिले आहे. नंतर तिने मसुदा मागे घेतला. आणि पुढच्या बैठकीच्या आरंभी, नोकऱ्या आणि व्याख्याने जाहीर होतात तेव्हा, उठून इतकेच सांगितले की आपले लेखन अजून झालेले नाही, ऐकायला कोणी मोकळे असेल तर हवे आहे. दोघांनी हात वर केले. परिचारिकाबाई त्यांत नव्हत्या; त्यांना त्या आठवड्यात रात्रपाळी होती.