पर्याय नसलेला प्रश्न

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचे केंद्र शहरातच आहे, आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारचे वर्ग भरलेले असतात. अशाच एका वर्गात दोन विद्यार्थी शेजारी शेजारी बसत.

एक होता चाकणच्या कारखान्यातला तरुण इंजिनिअर. वर्गात त्याला सगळे चाकणकरच म्हणत. दुसऱ्या होत्या साठी ओलांडलेल्या काकू. त्यांचा मुलगा आणि सून ओसाकाला राहत. नातू तिथल्या पाळणाघरातच बोलायला शिकला होता. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता यावे, म्हणून काकूंनी या वयात वही-पेन हाती धरले होते.

दोघांची तयारी चालली होती एन-फोरची. एन-फाइव्ह सर्वांत सोपी आणि एन-वन सर्वांत अवघड, अशा पाच पातळ्यांतली ही दुसरी पायरी. इथे साधारण दीड हजार शब्द लागतात असे शिक्षक धरून चालतात. एवढे शब्द डोक्यात बसवायचे कसे, हा दोघांपुढचा प्रश्न एकच होता. उत्तरे मात्र दोघांनी वेगवेगळी शोधली होती.

चाकणकर मेहनती होता. चांगले ॲप कोणते याचा त्याने कसून अभ्यास केला होता. अँकी या कार्डांच्या ॲपमध्ये त्याने सहा हजार शब्दांचा तयार संच उतरवून घेतला होता. जपानी लिपीतल्या कांजी चिन्हांसाठी वानिकानी घेतले होते, शब्दकोशासाठी ताकोबोतो होते, आणि बसमध्ये खेळता खेळता शब्द शिकवणारे आणखी एक ॲप होते. त्या खेळात जपानी शब्द दिसे, खाली चार अर्थ दिसत आणि बरोबर अर्थावर बोट ठेवले की हिरवी खूण येई. अँकीची उजळणी दिवाळीत चार दिवस राहून गेली, तेव्हा शेकडो कार्डे एकदम समोर आली. ती बघूनच त्याचा धीर सुटला आणि त्यानंतर तो जास्तीत जास्त वेळ हिरव्या खुणांच्या खेळातच रमू लागला.

काकूंकडे मुलाने ओसाकाहून आणलेली कार्डांची जुडी होती. कडीत ओवलेली, तळहातात मावणारी ही कोरी कार्डे जपानमध्ये शाळेतली मुले शब्द पाठ करायला वापरतात. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. काकू रोज स्वयंपाक आटोपला की त्यातली चार-सहा कार्डे लिहीत.

एके दिवशी कारखान्यात जपानी इंजिनिअर एका जिगपाशी उभे राहून म्हणाले, "नेजि गा युरुंदे इमासु." नेजि म्हणजे स्क्रू, हे चाकणकरला लगेच कळले. पुढचे क्रियापद ओळखीचे होते, 'युरुमु'. त्यावर त्याने कितीदा हिरवी खूण मिळवली होती! पण अर्थ काही केल्या आठवेना. शेवटी त्या गृहस्थांनी वाकून तो स्क्रू दोन बोटांनी फिरवून दाखवला. स्क्रू सैल झाला होता.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर तो सेन्सेईंना, म्हणजे वर्गाच्या शिक्षिकेला, म्हणाला, "सेन्सेई, माझं ॲप चुकलंय बहुतेक. दुसरं कोणतं घेऊ?"

"आधी हेच दाखव," सेन्सेई म्हणाल्या.

त्याने तो शब्द उघडला. खाली चार अर्थ होते: सैल होणे, पोहणे, रडणे, उधार घेणे. सेन्सेईंनी विचारले, "इथं तुला काय आठवावं लागलं? तीन पर्याय नजरेनंच बाद झाले, चौथा उरला. हा शब्द तू रोज पाहिलास, पण मनातून बाहेर ओढून काढायची वेळ तुझ्यावर एकदाही आली नाही. कारखान्यात त्या माणसानं तुला चार पर्याय दिले होते का?"

मग त्या काकूंकडे वळल्या. "काकू, तुमच्याकडे आहे का हा शब्द?"

काकूंनी जुडी चाळून एक कार्ड काढले. त्यावर मराठीत लिहिले होते, 'बरणीचं झाकण सैल झालंय.' मागच्या बाजूला जपानी वाक्य होते, 'फुता गा युरुंदे इमासु.' पुढचे कार्ड पाहून तर चाकणकर थबकलाच. 'मात्सु' म्हणजे वाट पाहणे आणि 'मोत्सु' म्हणजे हातात धरणे. या दोन्हींच्या कांजींचा उजवा भाग एकच आहे, फरक फक्त डाव्या बाजूला. त्या दोन चिन्हांत काकू सारख्या चुकत. म्हणून त्यांनी कार्डावर फक्त उजवा भाग काढून ठेवला होता. डावा भाग आठवून रोज आपल्या हाताने कागदावर पुरा करायचा. 'मोत्सु'च्या डाव्या बाजूला हाताचेच चिन्ह असते, हे त्यांना असे पुरे करता करताच पक्के झाले होते.

"आणि उजळणी कशी करता?" त्याने विचारले.

"बर्फीचे रिकामे पाच खोके आहेत घरी," काकू म्हणाल्या. "आलं ते कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं ते परत पहिल्यात. पहिला खोका रोज बघायचा, दुसरा दिवसाआड, शेवटचा महिन्यातून एकदा. सेन्सेईंनीच सांगितलं होतं."

ही युक्ती जुनीच. माणूस शिकलेले आधी भराभर आणि मग हळूहळू विसरतो, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून 1885 साली मांडले. 1972 साली सेबास्टियन लाइटनर यांनी कार्डे आणि खोके यांची ही पद्धत पुस्तकातून लोकांपर्यंत नेली. 2006 साली आलेले अँकी हेच काम करते, फक्त कोणते कार्ड कधी काढायचे याचा हिशेब संगणक ठेवतो.

"म्हणजे माझ्याकडे होतं तेच साधन काकूंकडेही होतं," चाकणकर हळू आवाजात म्हणाला.

सेन्सेई म्हणाल्या, "एक जुनी गोष्ट सांगते. ओसाकात ओगाता कोआन नावाचे वैद्य होते. 1838 साली त्यांनी तेकिजुकु ही शाळा काढली. तिथली मुलं डच भाषेतून वैद्यक आणि विज्ञान शिकत. डच-जपानी शब्दकोश सहज मिळत नव्हता. हेंड्रिक डूफ या डच अधिकाऱ्याच्या नावानं ओळखला जाणारा कोश हातानं नकलून घ्यावा लागे, आणि शाळेत त्याची एकच प्रत. ती एका खोलीत ठेवलेली, बाहेर न्यायची सोय नाही. सामुदायिक वाचनाची पाळी आली की आदल्या रात्री त्या खोलीत गर्दी व्हायची. आपल्या वाट्याच्या उताऱ्याचा अर्थ दुसऱ्याला विचारणं कमीपणाचं मानत. पुढे जपानला नव्या युगात नेणाऱ्यांत ज्यांचं नाव घेतात, ते फुकुझावा युकिची याच शाळेचे विद्यार्थी."

"मी पाहिलंय ते घर," काकू मध्येच म्हणाल्या. "मुलानं नेलं होतं. उंच इमारतींच्या मधोमध ते लाकडी घर अजून उभं आहे. वरच्या मजल्यावर ती कोशाची खोलीही आहे."

"शब्द बघायला मिळावा म्हणून रांगेत थांबणारा मुलगा तो विसरेल कसा?" सेन्सेई म्हणाल्या. "पाळी येईपर्यंत तो शब्द त्याला मनात धरून ठेवावा लागे, आणि अर्थ काय असेल याचा स्वतःच अंदाज बांधावा लागे. एवढे कष्ट त्या कोशानं त्याच्याकडून करून घेतले."

चाकणकरने शंका काढली. "पण सेन्सेई, परीक्षेतही पर्यायच असतात. लिहायचं नाही, बोलायचं नाही."

"असतात ना. पण तिथं वेळ मोजून मिळतो आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. ज्याला अर्थ आपणहून आठवतो, त्याला पर्याय वाचायला वेळ उरतो. पर्याय वाचून आठवू पाहणारा मागे पडतो."

त्या रात्री चाकणकरने खेळाचे ॲप काढून टाकले. अँकी ठेवले, मात्र तयार संच बंद केला. कारखान्यात दिवसभर कानावर पडलेले शब्द तो संध्याकाळी स्वतः त्यात घालू लागला. रोज दहाच. पुढे मराठी वाक्य, मागे जपानी. सैल होणे आणि सैल करणे, 'युरुमु' आणि 'युरुमेरु', यांची कार्डे त्याने जोडीने केली. उत्तर मोठ्याने म्हटल्याशिवाय कार्ड उलटायचे नाही, असा नेमच केला. तीन-चार आठवड्यांत लाइनवर पाना हाती घेऊन तो त्या इंजिनिअरना जपानीत सांगू लागला, कुठला स्क्रू सैल आहे आणि कुठला आवळून झाला.

काकूंची अडचण निराळी निघाली. व्हिडिओ कॉलवर त्या 'हाशि' म्हणाल्या, म्हणजे जेवणाच्या काड्या. नातवाला मात्र तो पूल वाटला. दोन्ही शब्दांची अक्षरे तीच, फरक स्वराच्या चढउताराचा. त्यातही टोकियोत जो चढउतार, त्याच्या नेमका उलटा ओसाकात. कागदाचे कार्ड हे कधीच विचारू शकले नसते. तेव्हा चाकणकरने त्यांच्या फोनवर अँकी घालून दिले आणि नातवाने आपल्या आवाजात शब्द म्हणून पाठवले. आता काकू आधी ऐकतात, ऐकलेला शब्द कागदावर लिहितात आणि मगच उत्तर उघडतात. कांजींसाठी खोके अजून चालूच आहेत.

तात्पर्य हे की साधन कागदाचे की फोनमधले, फुकटचे की विकतचे, यावर विद्या अडत नाही. आपण कुठे अडतो हे आधी ओळखावे: डोळ्यांशी, कानांशी, हाताशी की जिभेशी. मग त्याच जागी आपल्याला प्रश्न विचारणारे एकच साधन घ्यावे आणि रोज त्यापुढे बसावे. जे साधन उत्तर आयते पुढे करते, ते आपल्याला खूश करते. जे उत्तरासाठी थांबवून ठेवते, ते आपल्याला शिकवते.