तारेपासून कक्षेपर्यंत : एका सदस्यत्वाची घडण

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात भारताचे सदस्यत्व १ जानेवारी १८६९ पासून धरले जाते. त्या काळी आपल्यावर राज्य करणारा ब्रिटन मात्र या संघात आला १८७१ मध्ये. वसाहत आधी आणि मायदेश नंतर, असा हा क्रम आहे. तो योगायोगाने घडलेला नाही. संघाचे सदस्य कोणी व्हायचे या प्रश्नाला त्या काळाने जे उत्तर दिले होते, त्यातूनच तो आला. हे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आहे, आणि त्या बदलांचा माग काढला की सार्वभौमत्वाची आपली कल्पनाही कशी घडत गेली ते दिसते.

सुरुवात तारायंत्रापासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात तारा पसरल्या, पण त्या देशाच्या सीमेपाशी थांबत. १८५२ च्या सुमारास स्ट्रासबुर्गच्या तारघरात फ्रान्सचा एक आणि बाडेन संस्थानाचा एक असे दोन कारकून एकत्र बसत. पॅरिसहून आलेला संदेश फ्रेंच कारकून कागदावर उतरवून घेई आणि टेबलापलीकडच्या सहकाऱ्याच्या हाती देई. तो त्याचे जर्मन भाषांतर करून पुढच्या तारेवर पाठवी. विजेच्या वेगाने आलेला मजकूर एका टेबलाची रुंदी हाताने ओलांडत होता. ही अडचण दूर करण्यासाठी १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये २० युरोपीय राज्यांनी करार केला आणि आंतरराष्ट्रीय तार संघ जन्माला आला. दरांची समान पद्धत ठरली, मोर्स लिपी मान्य झाली, तार पाठवण्याचा अधिकार सर्वांना आहे आणि मजकुराची गुप्तता राखली पाहिजे हेही कबूल झाले.

यात ब्रिटन नव्हता, कारण तेथील तारा खासगी कंपन्यांच्या मालकीच्या होत्या. ज्याच्या हाती तारांचा कारभार तोच करार करू शकणार, ही त्या वेळची साधी समज. हिंदुस्थानात मात्र तारखाते सरकारी होते. १८६४-६५ मध्ये कराचीपासून इराणच्या आखातातून समुद्री तार टाकून हिंदुस्थान तुर्कस्तानमार्गे युरोपच्या जाळ्याशी जोडला गेला होता. त्या मार्गावरचे दर आणि जमाखर्च ठरवायचे तर संघात असणे भाग होते. म्हणून १८६८ च्या व्हिएन्ना परिषदेत हिंदुस्थान सरकार आले आणि पुढच्या वर्षारंभी सदस्य झाले. १८७० मध्ये ब्रिटनने आपल्या तारा सरकारी मालकीच्या केल्या, तेव्हा त्याचाही मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी मुंबई एडन-सुएझमार्गे समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

म्हणजे हे पहिले सदस्यत्व देशाचे नव्हते, एका सरकारी खात्याचे होते. हिंदुस्थानच्या नावाने परिषदेत बसणारे अधिकारी ब्रिटिश होते. ज्यांच्या मुलखातून तार जात होती त्यांना तिचे दर, तिचा मार्ग किंवा तिचा उपयोग यांविषयी कोणी काही विचारले नाही. आपल्या सदस्यत्वाच्या जुनेपणाचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्यात आपला आवाज नव्हता हेही लक्षात ठेवावे.

पुढे बिनतारी संदेश आले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तार सीमेवर थांबवता येते, लहर थांबवता येत नाही. शिवाय मार्कोनी कंपनीची केंद्रे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरून आलेले संदेश घ्यायला नकार देत. समुद्रावरच्या जहाजांसाठी हे जीवघेणे होते. १९०६ च्या बर्लिन परिषदेने असा भेदभाव न करण्याचे बंधन घातले आणि संकटातल्या जहाजासाठी एसओएस हा संकेत ठरवला. आकाशातली लहर सर्वांनी नियमाने वापरायची, हा विचार येथे रुजला. पण त्याच करारात मतांचा हिशेब साम्राज्यांच्या सोयीचा होता. वसाहतींच्या नावाने जादा मते धरता येत, एका सत्तेला जास्तीत जास्त सहा. हिंदुस्थानचे मत साम्राज्याच्या खात्यात जमा होई. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण केंद्र आणि दौंडला ग्रहण केंद्र उभे राहून इंग्लंडशी थेट बिनतारी दळणवळण सुरू झाले, तेही साम्राज्याच्या साखळीतले एक टोक म्हणूनच. गोव्याची गत याहून वेगळी नव्हती. पोर्तुगाल हा १८६५ चा संस्थापक सदस्य. पुढे त्याच्या सागरपार प्रांतांनाही संघात वेगळे सदस्यत्व मिळाले, पण त्या नावाने बोलणारे लिस्बनचेच.

१९३२ मध्ये माद्रिदला तार आणि बिनतारी यांचे करार एकत्र आले आणि संघाला आजचे नाव मिळाले. खरा पालट झाला तो अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीला. १९४७ च्या उन्हाळ्यात तेथे परिषदा भरल्या होत्या आणि त्या ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालल्या. मधल्या काळात १५ ऑगस्ट उजाडला. परिषद सुरू झाली तेव्हा भारत परतंत्र होता, संपली तेव्हा स्वतंत्र. त्याच परिषदेने संघाला संयुक्त राष्ट्रांशी जोडले आणि कोणता देश कोणती वारंवारिता वापरतो याची जागतिक नोंद ठेवणारे मंडळ उभे केले. एका सदस्याला एकच मत, हे तत्त्व आता पक्के झाले. १९५२ मध्ये भारतात वारंवारितांचे नियोजन करणारा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. संघाच्या कार्यकारी परिषदेवरही भारत त्याच वर्षापासून आहे.

स्वातंत्र्यानेही सगळे जुने हिशेब मिटत नाहीत. मुंबईच्या विमानतळावर उभ्या असलेल्या कोणत्याही भारतीय विमानाकडे पाहा, त्याच्या अंगावर व्हीटी ही दोन अक्षरे दिसतील. देशांना मिळणाऱ्या संकेताक्षरांच्या मालिका याच संघाच्या करारातून येतात आणि विमानांची नोंदणीही त्यांवरच बेतलेली असते. व्ही या अक्षराचा मोठा भाग ब्रिटिश साम्राज्याकडे होता. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेच्या वेळी त्यातून हिंदुस्थानला व्हीटी मिळाले. ही अक्षरे बदलावीत अशी मागणी संसदेतही झाली आहे, पण मनासारखी अक्षरे आधीच दुसऱ्या देशांच्या नावावर आहेत.

आधी आलेल्याने आधी घ्यावे, ही रीत अक्षरांच्या बाबतीत फारशी बोचत नाही, पण अवकाशात ती फार बोचली. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीच्या भूस्थिर कक्षेत उपग्रह पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसतो. या कक्षेत जागा मोजक्याच. ज्यांच्याकडे रॉकेट आणि पैसा होता त्यांनी भराभर नोंदी केल्या. कालव्याच्या मुखाशी असलेल्या शेताला भरपूर पाणी मिळते आणि शेपटाकडचा शेतकरी पाळीची वाट पाहत बसतो, तसेच येथे झाले. नंतर येणाऱ्या देशांनी विचारले की आम्ही तयार होईपर्यंत काही उरणार आहे का? १९७३ च्या करारात याचे उत्तर आले. वारंवारिता आणि भूस्थिर कक्षा या मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहेत आणि सर्व देशांना त्यांचा न्याय्य लाभ मिळाला पाहिजे, असे त्यात लिहिले गेले. १९८५ आणि १९८८ च्या परिषदांत प्रत्येक देशासाठी निदान एक जागा राखून ठेवणारी योजना झाली.

भारताला हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावजवळ आर्वीला देशातले पहिले आंतरराष्ट्रीय उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह घेऊन खेड्यापाड्यांत शिक्षणाचे दूरदर्शन कार्यक्रम पोहोचवण्याचा प्रयोग झाला. स्वतःचा उपग्रह उडवायच्या आधीच आपल्याला त्याची जागा हवी होती.

अर्थात आधी नोंद करण्याच्या नियमाचा गैरवापर दुबळे देशही करू शकतात. १९८८ नंतर टोंगा या पॅसिफिकमधल्या छोट्या देशाने उपग्रह नसताना सोळा जागांवर दावा सांगितला. त्या जागा भाड्याने देण्याचा बेत होता. वाद झाला आणि शेवटी सहा जागांवर तडजोड झाली. टोंगाला दोष देणे सोपे आहे. पण ज्या नियमाने बलवान देश कागदावर जागा अडवतात, तोच नियम एका दुबळ्या देशाने वापरला, एवढेच. समान मत मिळाले म्हणून समान बळ येत नाही, हा त्यातला धडा आहे.

बळ येते ते कामातून. अलीकडचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. पाचव्या पिढीच्या मोबाइल तंत्राची मानके ठरत असताना ग्रामीण भागासाठीचे नेहमीचे गणित दोन मनोऱ्यांत १,७३२ मीटर अंतर धरून होते. आपल्याकडे गावे दूरदूर, मनोरा परवडतो तो एखाद्या मोठ्या गावी. म्हणून भारतीय अभियंत्यांनी सहा किलोमीटर अंतराची कसोटीही घालावी असा आग्रह धरला आणि संघाने ती स्वीकारली. १८६९ मध्ये हिंदुस्थानच्या नावाने दुसरे बोलत होते. आता वाडीवस्तीची गरज मोजमापाच्या भाषेत मांडून ती जगाच्या मानकात बसवणारे आपले लोक होते. सदस्यत्वाचा खरा अर्थ मला येथे दिसतो.

नकार देण्याचे स्वातंत्र्यही या अर्थातच येते. २०१२ मध्ये दुबईत आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमावली नव्याने लिहिली गेली. इंटरनेटवर सरकारांचा ताबा वाढेल का, या मुद्द्यावर जग दुभंगले. ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही, आणि भारत त्या वेळी सही न करणाऱ्यांत होता. संघात राहायचे आणि न पटलेल्या कराराबाहेरही राहायचे, हे दोन्ही एकाच वेळी शक्य असते. सार्वभौम देशाने तेवढा विवेक दाखवलाच पाहिजे.

आज जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत हजारो उपग्रहांचे थवे सोडण्याची चढाओढ लागली आहे आणि तेथे पुन्हा आधी येणाऱ्याचेच फावते आहे. नुसत्या कागदी नोंदी करून जागा अडवता येऊ नये म्हणून संघाने २०१९ मध्ये टप्पे बांधले. नोंदीनंतरची मूळ सात वर्षांची मुदत संपल्यावर दोन वर्षांत दहा टक्के, पाच वर्षांत निम्मे आणि सात वर्षांत सगळे उपग्रह कक्षेत हवेत. पण ज्यांच्याकडे हजारो उपग्रह उडवण्याची ताकद आहे, त्यांना हा नियम अडवत नाही.

या वेळी भारत शेपटाकडे नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून वनवेब या परदेशी कंपनीचे ३६-३६ उपग्रह आपल्याच रॉकेटने गेले. २०२४ मध्ये संघाची मानकांविषयीची जागतिक परिषद दिल्लीला भरली. म्हणूनच आपली कसोटी आता लागणार आहे. उशिरा येणाऱ्याचा वाटा राखून ठेवा, असे आपण गरजेपोटी सांगत आलो. सामर्थ्य आल्यावरही तेच सांगू, तर ते तत्त्व ठरेल, नाहीतर ती केवळ सोय होती असे म्हणावे लागेल.

संघाची पुढची जागतिक रेडिओ परिषद २०२७ मध्ये शांघायला आहे. आपल्याकडे असे करार सरकार करते, त्यांना संसदेची आगाऊ मंजुरी लागत नाही. तरीही शांघायला भारत काय मागणार, कोणासाठी मागणार आणि त्याच्या बदल्यात काय सोडणार, याची मांडणी आधी देशापुढे व्हायला हवी. संसदेत ती चर्चा व्हावी, विद्यापीठांत व्हावी, मराठीसह सर्व भारतीय भाषांतून व्हावी. पहिल्या सदस्यत्वात देशाला कोणी विचारले नव्हते. आजच्या सदस्यत्वात विचारणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि विचारले जावे यासाठी आग्रह धरणे हे आपले.