मधपेटीतली मोकळी जागा

साधेपणाची महती गाणाऱ्याने एकदा गंधकाचा खड्डा डोळ्यांसमोर आणावा. इंग्लंडच्या खेड्यांत एकोणिसावं शतक बरंच सरेपर्यंत मधमाश्या पेंढ्याच्या टोपलीत पाळल्या जात. पेंढ्याची जाड वेणी वळायची, काटेरी वेलीच्या सालीने ती गोल गोल शिवत न्यायची, टोपली पाटावर उपडी घालायची, की माश्यांचं घर तयार. ना खिळा, ना फळी, ना खर्च. याहून साधं घर माणसाने मधमाशीला क्वचितच दिलं असेल. मग शरद ऋतू आला की पाळणारा एकेक टोपली उचलून वजन अजमावी. सगळ्यांत जड टोपल्या मधासाठी बाजूला काढायच्या आणि सगळ्यांत हलक्याही, कारण त्यांतल्या माश्या हिवाळा काढणार नाहीत. संध्याकाळी जमिनीत वीतभर खड्डा खणायचा, गंधकात बुडवलेल्या चिंध्या त्यात पेटवायच्या, वर टोपली ठेवायची आणि कडेने माती लोटून धूर कोंडायचा. थोड्या वेळात आतली गुणगुण थांबे.

हे क्रौर्य म्हणून केलं जात नव्हतं. टोपलीची घडणच तशी होती. पोळी आतल्या अंगाला चिकटलेली, वरून उघडायला झाकण नाही, आत राणी आहे की नाही हे पाहायची सोय नाही. मध हवा तर पोळं तोडायचं आणि पोळं तोडायचं तर माश्या मारायच्या, असा तो सरळ हिशेब होता.

आपल्याकडे आग्या मोहोळाची गोष्ट फार वेगळी नाही. तिथे तर पेटीच नाही. उंच फांदीला किंवा कड्याला लटकलेलं एकच भलंमोठं पोळं. रात्री मशाल लावून माश्या जाळायच्या आणि पिलांसकट सगळं पोळं खाली ओढायचं, हा मध काढण्याचा जुना रिवाज. वर्ध्याकडे गांधीविचाराच्या कार्यकर्त्यांनी यावर काम केलं. आग्याचं पोळं जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे वरच्या बाजूला मध साठतो आणि पिलं खाली असतात. तेवढा मधाचा भाग कापायचा, पिलांचा भाग शाबूत ठेवायचा, असं शिक्षण मध गोळा करणाऱ्यांना दिलं गेलं. त्यासाठी सुरक्षित पोशाख, दोर, बादली अशी अवजारं वाढली. अवजारं वाढली आणि हिंसा कमी झाली. साधेपणा म्हणजेच अहिंसा, असं गृहीत धरणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचं वाटेल, पण ते खरं आहे.

मधपेटीच्या इतिहासात धर्मगुरूंची नावं इतकी का सापडतात, याचाही उलगडा इथेच होतो. त्यांच्याकडे बाग होती, वेळ होता, हे कारण आहेच. पण ज्याला सृष्टी ही देवाची करणी वाटते, त्याला आपण या जिवाचं काय करतो आहोत हा प्रश्न टाळता येत नाही. इंग्लंडचे पाद्री विल्यम चार्ल्स कॉटन यांनी 1842 साली मधमाश्यांवर पुस्तक काढलं, त्यातला मुख्य आग्रहच माश्या मारू नका असा होता. गंधकाऐवजी एका जातीच्या अळंबीचा धूर देऊन त्यांना तात्पुरती गुंगी आणावी, असा त्यांचा उपाय.

खरी गाठ सोडवली ती दुसऱ्या एका धर्मोपदेशकाने. लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांचा जन्म 1810 चा, फिलाडेल्फियातला. येलमध्ये शिकले, चर्चचं काम पत्करलं, पण मनावर येणाऱ्या गडद उदासीने त्यांना आयुष्यभर पुन्हा पुन्हा पाडलं. माश्या हा त्यांचा आधार होता. त्यांच्या पेटीत वर पट्ट्या असत आणि पट्ट्यांना पोळी लोंबत. झाकण आणि पट्ट्या यांच्यामध्ये त्यांनी साधारण तीन अष्टमांश इंच अंतर ठेवलं होतं, त्यामुळे झाकण चिकटत नसे. पोळ्यांच्या बाजू मात्र भिंतींना चिकटत आणि प्रत्येक वेळी सुरीने कापाव्या लागत. 1851 च्या शरदात त्यांच्या ध्यानात आलं, की जी जागा झाकणाखाली चालते तीच भिंतीपाशीही चालेल. पट्टीची चौकट करायची आणि तिच्या चारही बाजूंना तेवढीच फट ठेवायची.

माशीचा नियम असा आहे. फट सहा मिलिमीटरहून कमी असली तर ती राळेसारख्या चिकट पदार्थाने बुजवून टाकते. नऊ-दहा मिलिमीटरहून जास्त असली तर तिथे पोळं बांधायला घेते. मधल्या मापाची फट ती येण्या-जाण्यासाठी मोकळी सोडते. 5 ऑक्टोबर 1852 रोजी लँगस्ट्रॉथ यांना 9300 क्रमांकाचं पेटंट मिळालं. चौकटी त्यांच्या आधीही होत्या. युक्रेनच्या पेत्रो प्रोकोपोविच यांनी त्या 1814 च्या सुमारास वापरल्या होत्या. जिनिव्हाच्या अंध फ्रान्स्वा ह्यूबर यांनी त्याहीआधी पानापानाने उघडणारी पेटी करून साहाय्यकाच्या डोळ्यांनी माश्यांचं आयुष्य न्याहाळलं होतं. लँगस्ट्रॉथ यांनी आणलं ते रिकामं अंतर. माशी स्वतःच्या घरात जे माप पाळते ते ओळखायचं आणि तेवढ्यात आपण काही घालायचं नाही, एवढाच तो शोध. आता प्रत्येक पोळं सहज बाहेर काढून, पाहून, माशी न मारता परत ठेवता येऊ लागलं.

त्याच काळात अमेरिकेत नव्या पेट्यांच्या पेटंटांचा पूर आला होता. मेणकिडा आत शिरू नये म्हणून दारं, सापळे, उतरत्या फळ्या, संध्याकाळी कोंबड्या दांडीवर चढल्या की आपोआप बंद होणारी फाटकं, असं काय काय विकलं जाई. लँगस्ट्रॉथ यांचं मत या सगळ्याविरुद्ध होतं. वसाहत जोमदार असेल, तिला राणी असेल, तर माश्या मेणकिड्याला पुरून उरतात आणि वसाहत दुबळी असेल तर कोणतीही युक्ती तिला वाचवत नाही, असं ते सांगत. गंमत म्हणजे उत्तम पेटीत काय काय असावं याची त्यांनी स्वतः केलेली यादीही लांबलचक आहे. तरी ती वाचताना एक फरक जाणवतो. त्यांतली बरीच कलमं माशीच्या गरजेपासून सुरू होतात.

पुढे भर पडतच गेली. जर्मनीत योहानेस मेहरिंग यांनी 1857 मध्ये षट्‌कोनांचे ठसे उठवलेला मेणाचा पत्रा केला, म्हणजे माश्यांनी सरळ पोळं बांधावं. 1865 मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुष्का यांनी पोळं गरगर फिरवून मध काढायचं यंत्र दाखवलं. फ्रान्समधल्या कॉलिन नावाच्या पाद्रींनी राणीला अडवणारी आणि कामकरी माशीला जाऊ देणारी जाळी काढली. यांतली एकही गोष्ट निरुपयोगी नाही. यंत्रामुळे पोळं न मोडता परत देता येतं आणि मेण घडवण्याचे माशीचे कष्ट वाचतात. पण एक सोय दुसरीला बोलावते. यंत्रात फिरताना पोळं तुटू नये म्हणून चौकटीत तारा आल्या. तारांवर मेणपत्रा आला. पत्र्यावरच्या ठशांचं माप ठरलेलं, त्यामुळे नर माश्यांसाठी मोठी घरं किती बांधायची हा वसाहतीचा निर्णयही बराचसा कारखान्यात होऊ लागला. इथे सोय कुणाची, हा प्रश्न टोकदार होतो.

तो सगळ्यांत ठामपणे विचारला एमिल वारे यांनी. तेही पाद्रीच, उत्तर फ्रान्सच्या सॉम भागातले. नाना तऱ्हेच्या पेट्या त्यांनी वर्षानुवर्षं वापरून पाहिल्या आणि शेवटी स्वतःची ‘लोकांची पेटी’ बनवली. आतून तीस सेंटिमीटर लांब-रुंद, एकवीस सेंटिमीटर उंच डबे. प्रत्येक डब्यात आठ पट्ट्या. चौकट नाही, तार नाही, मेणपत्रा नाही. माशी निसर्गात वरून खाली बांधत जाते, म्हणून नवा डबा वर चढवायचा नाही, खाली सरकवायचा. सगळ्यांत वर भुशाने भरलेला एक उथळ डबा, ओल शोषायला आणि ऊब धरायला. पेटी वारंवार उघडली की आतली ऊब आणि गंध उडून जातो आणि तो परत जमवायला माश्यांना मध जाळावा लागतो, म्हणून उघडणं कमीत कमी. गरीब कुटुंबाला स्वतःच्या हाताने ठोकता यावी आणि दुकानदाराच्या दारी जावं लागू नये, हा त्यांचा हेतू होता. या हेतूबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

आदर ठेवूनही एक गोष्ट सांगायला हवी. वारे यांच्या पेटीत पोळी भिंतीला चिकटतात, म्हणजे लँगस्ट्रॉथ यांनी सोडवलेली गाठ पुन्हा बसते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत चौकटी काढून पाहता येतील अशीच पेटी असावी, असा कायदा आहे, तो पिलं सडवणाऱ्या रोगामुळे. 1990 नंतर थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरी या देशी माश्यांच्या बहुसंख्य वसाहती बुडवल्या. अशा वेळी पिलांची अवस्था वेळेवर पाहता येणं ही चैन नसते. पाळलेल्या जिवाची जबाबदारी घेतली, तर त्याच्याकडे पाहायचं नाही असं म्हणून ती पार पडत नाही. म्हणून चौकट आणि तिच्याभोवतीची फट ही भर स्वीकारावी आणि तिच्या पलीकडच्या प्रत्येक वस्तूला जाब विचारावा, हे मत इथे मांडावंसं वाटतं.

जाब विचारल्यावर काही उत्तरं अनपेक्षित येतात. युरोपी मधमाशी झाडाच्या ढोलीत राहते तेव्हा आतल्या खडबडीत लाकडावर राळेचा लेप देते. रंधा मारून गुळगुळीत केलेल्या पेटीत ती तसं करत नाही. मिनेसोटा विद्यापीठात मार्ला स्पिव्हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की असा लेप असलेल्या वसाहतींत माश्यांच्या रोगप्रतिकार यंत्रणेवरचा ताण कमी असतो. म्हणजे पेटीची आतली बाजू रंधायची राहिली, तर तेच बरं. सुताराने कमी काम करायचं, एवढीच ही सुधारणा. आपली सातेरी मात्र राळ जवळजवळ वापरतच नाही. तिच्यासाठी हा मुद्दा उरत नाही. एका माशीला हवं ते दुसरीला हवंच असं नाही, हे सुधारणांच्या उत्साहात फार लवकर विसरलं जातं.

2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टुअर्ट आणि सीडर अँडरसन या बाप-लेकांनी नळाची पेटी आणली. चौकटीत अर्धवट घडवलेली प्लास्टिकची घरं. माश्या ती पुरी करतात, मध भरतात, वरून मेणाने झाकतात. बाहेरून किल्ली फिरवली की घरं आतल्या आत सरकून तुटतात आणि मध नळीतून बरणीत येतो. वरच्या झाकणांवर माश्या चालतच राहतात. लोकवर्गणीत सत्तर हजार डॉलर मागितले होते, जमले एक कोटी वीस लाखांहून अधिक. माश्यांना त्रास नाही, हे तिचं मोठं आकर्षण होतं.

गोष्ट जुनी आहे, असं जैन आचार्य अमृतचंद्र म्हणाले असते. दहाव्या शतकाच्या आसपास रचलेल्या ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात त्यांनी मधाचा विचार करताना नेमका हाच प्रसंग धरला आहे. पोळ्यातून आपोआप गळलेला किंवा युक्तीने काढलेला मध घेतला तरी हिंसा होतेच, कारण त्यात उपजणारे सूक्ष्म जीव मरतात, असा त्यांचा निवाडा. जैन श्रावकाच्या मूळ व्रतांत मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधाचाही त्याग येतो. ही भूमिका मधपेटीची कोणतीही सुधारणा मोजतच नाही. नळ असो की टोपली, घेणं थांबवा, एवढंच ती सांगते.

मराठी वाचकाच्या कानावर दुसरा सूर एकनाथांमुळे पडलेला आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत माशी आहे आणि मध काढून नेणाराही आहे. एकनाथी भागवतात ती कथा सविस्तर येते. साठवणारी माशी साठ्यासकट नष्ट होते, हा तिथला धडा, आणि तो माणसाच्या लोभासाठी आहे. माशीसाठी साठा हा लोभ नाही, फुलं नसलेल्या महिन्यांची शिदोरी आहे. मधपाळ त्या शिदोरीतून वाटा घेतो. म्हणून प्रश्न पेटीच्या आधी वाट्याचा आहे. पेटी कितीही शहाणी असली तरी पोळ्यातला शेवटचा थेंब काढून साखरेचा पाक ठेवणारा हात तिला आवरता येत नाही.

सह्याद्रीत हे सगळं रोजच्या कामात दिसतं. तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी 1910 च्या सुमारास सातेरीसाठी छोटी पेटी तयार केली, कारण सातेरीची वसाहत लहान आणि तिला लागणाऱ्या फटीचं अंतरही युरोपी माशीपेक्षा कमी. आज देशात वापरली जाणारी ‘ए’ प्रकारची पेटी तिच्यावरच बेतलेली आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये राज्यातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं, तिथल्या घराघरांतल्या पेट्या याच वंशातल्या. सातेरीचा एक स्वभाव मात्र कोणत्याही पेटीला बांधता आलेला नाही. फार ढवळाढवळ झाली किंवा पोटाला उरलं नाही तर ती पिलं टाकून सगळीच्या सगळी निघून जाते. उन्हाळ्याच्या अखेरीला मधपाळ मधकोठी उचलतो तेव्हा आत किती मध ठेवायचा हे त्याला ठरवावं लागतं. तो अंदाज चुकला, तर पावसाळ्यात पेटी रिकामी सापडते.