नवेपणाची किंमत

उन्हाळ्याच्या सुटीत खिळे ठोकलेल्या लाकडी फळीवर बॅगाटेलचा डाव ज्याने मांडला नाही, असा वाचक विरळाच. त्याच घराण्यातला अमेरिकेतला वारस म्हणजे पिनबॉल. १९४७ साली शिकागोच्या गॉटलीब कंपनीने ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात विजेवर हलणारे फ्लिपर बसवले, आणि खाली घसरत येणारी गोळी पुन्हा वर भिरकावणे खेळणाऱ्याच्या हाती आले. आज असे नवे कोरे यंत्र घ्यायचे तर कित्येक हजार डॉलर मोजावे लागतात. पेटी उघडावी, चार दिवस हौसेने खेळावे, तो त्या आरशासारख्या फळीवर बारीक बारीक खळगे दिसू लागतात. घेणाऱ्याचे तोंड उतरते. यालाच का नवे म्हणायचे?

या तक्रारीत मला फारसा अर्थ दिसत नाही. सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, ऐंशी ग्रॅम वजनाची पोलादी गोळी उसळून लाकडावर आदळली, तर लाकूड दबणारच. नव्या वहाणेला चालून घडी पडते म्हणून कोणी चांभाराशी भांडत नाही. काही हौशी मंडळी फळीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरतात, तर काही पेटीच उघडत नाहीत. (नव्या सोफ्याचे वेष्टण वर्षभर न काढणाऱ्या आपल्या गृहस्थांनी त्यांना हसू नये!)

परंतु दुसरा एक दोष आहे, आणि त्याची जात वेगळी आहे. फळीवरचा चकचकीत लेप पुरता वाळून कडक होण्याआधीच खुंट्या आवळल्या, तर तो त्यांच्या कडेला गोळा होतो, फुगतो. कधी त्याचा टवका उडतो आणि खालचे रंगीत चित्रही त्याच्याबरोबर निघून येते. हा खेळाचा घाव नव्हे, ही घाई आहे. अशा वेळी विकणारा म्हणतो, “अहो, लाकूड आहे, गोळी पोलादाची आहे, असे व्हायचेच.” वाक्य खरे आहे, पण खळग्यांपुरते खरे. ते लेपाच्या दोषावर पांघरूण म्हणून घातले, की खऱ्या वाक्यानेच लबाडी होते.

यावर कोणी म्हणेल, पूर्वीचे गिऱ्हाईक असली कुरकुर करीत नसे. ते खरेच आहे. पूर्वी ही यंत्रे मुख्यतः नाण्यांच्या कमाईसाठी घेतली जात. घेणारा धंदेवाईक असे, त्याच्या पदरी तारा जोडणारा माणूस असे, आणि पैसे किती दिवसांत फिटतील एवढेच तो पाही. आज पुष्कळ यंत्रे घरात जातात. घरच्या माणसाला लेप वाळला की नाही हे कळत नाही. तो कारखान्याच्या शब्दावर पैसे मोजतो. तो लाडावलेला आहे, असे म्हणणे मला पटत नाही. धंदेवाईकाशी व्यवहार करताना चालून गेलेले मौन याच्याशी चालणार नाही. खळगे पडतील हे आधी सांगावे, आणि लेप उठला तर फळी बदलून द्यावी. यात अवघड ते काय? अवघड एवढेच, की जाहिरातीतल्या चित्रात एकही खळगा नसतो.

आणि मला राहून राहून वाटते ते खुंटी आवळणाऱ्या हाताबद्दल. लेप अजून मऊ आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही तर त्या हाताच्या येणार. त्याने काम थांबवले, तर त्याला शाबासकी मिळेल, की आज किती पेट्या झाल्या, असा प्रश्न येईल?