लाईकचा गुन्हा आणि वाणीचं तप

नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल सवाल केला, मैत्रिणीने तो लाईक केला. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पोस्टमध्ये शिवी एकही नव्हती.

24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा अटकांसाठी वापरलं गेलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द केलं. त्यातले शब्द इतके मोघम होते की कुणालाही गोवता येई. निकाल योग्यच होता. पण कायदा बाजूला झाला म्हणून बोलणाऱ्याची जबाबदारी सरत नाही.

गीतेचा सतरावा अध्याय वाणीचं तप सांगतो: बोलणं उद्वेग न आणणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं असावं. या कसोटीवर पालघरची पोस्ट कदाचित उतरणार नाही, कारण ती अनेकांना झोंबली.

मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथातल्या अभयराजकुमार सुत्तात बुद्ध वेगळं सांगतात. राजकुमाराच्या मांडीवर तान्हं मूल होतं. त्याच्या तोंडात काडी किंवा खडा गेला तर काय करशील, असं त्यांनी विचारलं. रक्त आलं तरी बोट घालून काढीन, राजकुमार म्हणाला. कारण मुलाची दया येते. तसंच सत्य आणि हिताचं असेल तर कटू बोलही योग्य वेळी बोलावा, असं बुद्धांचं म्हणणं.

प्रतिक्रिया तोलताना हीच कसोटी अधिक न्याय्य आहे. त्या पोस्टची वेळ चुकली असेलही. पण खरा असभ्यपणा दवाखाना फोडणाऱ्यांचा होता.