श्रम केले आणि श्रम झाले

पाहुणा उंबरठा ओलांडून आंत आला, कीं यजमान त्यास पहिला प्रश्न विचारतो, “वाटेंत फार श्रम तर झाले नाहींत ना?” तोच यजमान घटकेनें आपल्या मुलास बजावतो, “श्रम केल्यावांचून विद्या येत नाहीं.” शब्द एकच, परंतु ‘केले’ म्हटलें कीं कष्ट, आणि ‘झाले’ म्हटलें कीं त्या कष्टांचा थकवा.

ही दुहेरी फार जुनी आहे. पाणिनीय धातुपाठांत ‘श्रम्’ या धातूचे तप आणि खेद असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. तप करणारा तो श्रमण. गौतम बुद्धासही ‘श्रमण गौतम’ म्हणत असत. ऋषींचा आश्रम याच कुळांतला, आणि श्रांत जीवाचा विश्रामही याच कुळांतला. ज्यांनीं हा शब्द घडविला, त्यांना कष्ट आणि थकवा या दोन वेगळ्या वस्तु वाटल्या नसाव्यात.

आपण मात्र त्यांची फारकत केली आहे. श्रमप्रतिष्ठेवर आपण व्याख्यानें देतों, आणि गडी घटकाभर टेकला तर त्यास आळशी म्हणतों. केलेल्या श्रमांचा गौरव करावा आणि झालेल्या श्रमांकडे डोळेझांक करावी, ही कोणती नीति? मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० सालीं, नारायण मेघाजी लोखंडे यांनीं केलेल्या चळवळीनंतर. त्या मागणीचा अर्थ ‘काम नको’ असा खचित नव्हता. झालेले श्रमही हिशेबांत धरा, एवढाच होता.

हिशेबाचा शब्द मीं मुद्दामच योजला आहे. मराठींत माणूस थकतो, तसें घरभाडेंही थकतें आणि व्याजही थकतें. पैसे थकले म्हणजे कोणाकडे तरी देणें राहिलें, हें आपण तत्काळ ओळखतों. मग माणूस थकला असतां देणेंकरी कोण, हा प्रश्न आपल्या मनांत कां येऊं नये?

याचें उत्तर शोधण्यास गिरणीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. माझ्या आईच्या हातच्या पुरणपोळीची स्तुति मीं चारचौघांत पुष्कळ केली. परंतु सणाच्या दिवशीं शेवटची पंगत उठल्यावर ती भिंतीस पाठ टेकून बसे, तेव्हां जो प्रश्न कोणाही परक्या पाहुण्यास मीं सहज विचारला असता, तो तिला एकदांही विचारला नाहीं. तिला रविवार नव्हता, आणि तो असावा असें आम्हां कोणाच्या मनांतही आलें नाहीं. आज विचारूं म्हटलें तरी ती नाहीं. ज्यांच्या घरीं असें माणूस अद्याप आहे, त्यांनीं हें देणें फार दिवस थकूं देऊं नये.