पाण्याचा रंग

ज्या शिक्षणास आपण प्राथमिक म्हणतों तें सोपें असलेंच पाहिजे, अशी आपणां सुशिक्षितांची एक समजूत असते. महाविद्यालयांत पंचवीस वर्षें तर्कशास्त्र शिकविल्यावर माझीही समजूत तीच होती. गेल्या श्रावणांत एका आठ वर्षांच्या मुलीनें ती मोडून टाकली.

अंबरनाथेस आनंदनगर म्हणून जी औद्योगिक वसाहत आहे, तिच्या आसपासच माझे एक जुने स्नेही मुलासुनेसह राहतात. मुलगा तेथल्याच एका रंगाच्या कारखान्यांत रसायनज्ञ आहे. त्यांची नात इयत्ता तिसरींत शिकते. मी गेलों त्या दिवशीं ती वही घेऊन माझ्यापुढें येऊन बसली. प्रश्न होता, 'पाण्याचा रंग कसा असतो?' तिनें लिहिलें होतें, 'काळा. कधीं कधीं लाल.' त्यावर तांबड्या शाईची फुली होती. "आजोबा, मी खोटं नाही लिहिलं," ती म्हणाली. "माझं चुकलं" असें ती म्हणाली नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

तिच्या उत्तराचा उगम शोधण्यास दूर जावें लागलें नाहीं. आठवड्यांतून एकदां ती आजीचें बोट धरून अंबरनाथच्या शिवमंदिरांत जाते. शिलाहारांच्या राज्यांत, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० सालीं, उभारलेल्या त्या देवळाजवळून वालधुनी नदी वाहते. ज्यांनीं देवळासाठीं ती जागा निवडली त्यांनीं ती पाण्याकडे पाहूनच निवडली असावी. हीच नदी पुढें उल्हासनगरांतून कल्याणच्या खाडीकडे जाते. पण आतां तिला नदी म्हणणारे थोडे, नाला म्हणणारेच फार. गांवांचें सांडपाणी आणि कारखान्यांतून सुटलेलीं रसायनें तिच्यांत येऊन मिळतात. २०१४ च्या नोव्हेंबरांत उल्हासनगर येथें तिच्या पात्रांत रसायन सोडलें गेलें, आणि शेंकडों रहिवाशांना श्वास कोंडल्यामुळें रुग्णालयांत न्यावें लागलें. मुलीनें हें वाचलेलें नाहीं. तिनें पुलावरून खालीं पाहिलें आहे, एवढेंच.

शिक्षिकेस बोल लावण्याचा मोह येथें सहज होतो. मला तो होत नाहीं. एका वर्गांत चाळीस मुलें, वह्यांचा ढीग, आणि पाणी रंगहीन आहे हें रसायनशास्त्राचें म्हणणें कांहीं खोटें नाहीं. परंतु या विषयाचें नांव काय आहे, तें पाहा. आपल्या राज्यांत तिसरी ते पांचवीच्या वर्गांत विज्ञान त्या नांवानें येत नाहीं. तें 'परिसर अभ्यास' म्हणून येतें. परिसर म्हणजे आपल्या भोंवतालचें. ज्या मुलीचा परिसर वालधुनी आहे, तिनें परिसराचा अभ्यास केला आणि ती नापास झाली! त्या फुलीनें तिला पाण्याविषयीं फारसें कांहीं शिकविलें नाहीं. वहींतलें पाणी एक असतें व पुलाखालचें दुसरें असतें, आणि गुण मात्र पहिल्यालाच मिळतात, एवढें तिला शिकविलें.

यावर कोणी म्हणेल, मग मुलें सांगतील तेंच खरें मानावयाचें काय? अलीकडे तसें मानणारा एक उत्साही वर्ग आहे खरा. पण मी त्यांतला नव्हे. मुलांचे डोळे त्यांना फसवितात. एका पेल्यांतलें पाणी मुलाच्या देखत उंच, निमुळत्या पेल्यांत ओतलें कीं तें वाढलें असें लहान मूल खुशाल सांगतें. स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानें ही गोष्ट प्रयोगानें दाखवून दिली. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत हैदराबादच्या मुलांना पृथ्वीविषयीं प्रश्न विचारले होते. पृथ्वी गोल हें त्यांनीं ऐकलें होतें. तरी ती पाण्यावर तरंगते असें त्यांतल्या पुष्कळांच्या मनांत होतें. शाळेचें वाक्य आणि मनांतलें चित्र या दोहोंचा त्यांनीं आपल्या परीनें समेट केला होता. मीही लहानपणीं कल्याणहून रात्रीच्या गाडीनें येतांना चंद्र आमच्याच डब्याबरोबर धांवतो असें शपथेवर सांगितलें असतें.

तेव्हां डोळ्यांवर विश्वास ठेवावा कीं ठेवूं नये, हा खरा प्रश्नच नव्हे. त्यांनीं दाखविलेलें पुढें कसें तपासावें, हें मुलाला कोणी दाखवितें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

आम्हीं तें तपासून पाहण्याचें ठरविलें. नाल्याचें पाणी घरांत आणण्यास आजीनें साफ मनाई केली, आणि तें योग्यच होतें. म्हणून पातेल्यांत पाणी घेऊन त्यांत चमचाभर हळद कालविली, तें चुलीवर ठेवलें आणि उकळी फुटल्यावर वर ताट आडवें धरलें. ताटाच्या पोटाशीं जमलेले थेंब वाटींत निथळून घेतले. ते स्वच्छ होते. "हळद खालीच राहिली!" ती ओरडली. रंग पाण्याचा नव्हे, पाण्यांत मिसळलेल्या पदार्थाचा, हें तिला कोणी सांगावें लागलें नाहीं. माझा विजय झाला असें समजून मी खुर्चींत मागें रेललों. इतक्यांत तिनें वाटी नाकाशीं नेली. "पण आजोबा, हळदीचा वास येतोय. पाण्याला वास पण नसतो ना?" मीं वास घेतला, येत होता. हळदींतलें सुगंधी तेल वाफेबरोबर वर चढतें, हें तिच्या वडिलांनीं संध्याकाळीं घरीं आल्यावर सांगितलें. तोंपर्यंत आम्ही दोघेंही निरुत्तर होतों. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकास तिसरीच्या मुलीबरोबर निरुत्तर बसावयास मिळणें हा योग विरळा!

वडिलांचें सांगणें तिनें नीट ऐकून घेतलें. मग सरळच विचारलें, "म्हणजे वालधुनीतही कुणीतरी काहीतरी घातलंय. कोणी घातलं, बाबा?"

घरांत कोणी बोललें नाहीं. सून स्वयंपाकघरांत गेली. माझे स्नेही वर्तमानपत्र शोधूं लागले. मी स्वतः 'तें तुला मोठेपणीं कळेल' हें वाक्य जिभेवर आणून ठेवलें होतें.

तें वाक्य बोलूं नये असें मला कां वाटलें, याचा मीं पुढें बराच विचार केला आहे. न बोलण्याच्या बाजूचीं कारणें कांहीं हलकीं नव्हेत. आठ वर्षांच्या मुलीच्या हातीं नदी शुद्ध करणें नाहीं. बापाची भाकरी त्याच वसाहतींत आहे. ज्या दुःखावर मुलाजवळ उपाय नाहीं तें त्याच्या गळीं कां बांधावें? मोठ्यांचीं पापें उगाच मुलांच्या पाठीवर लादूं नयेत, हें मलाही मान्य आहे. पण तिनें उपाय विचारला नव्हता. तिनें कारण विचारलें होतें, आणि कारण शोधण्याची गोडी दुपारीं पातेलें चुलीवर चढवून आम्हींच तिला लावली होती. हळदीचें कारण शोधलें तर शाबासकी आणि नाल्याचें शोधलें तर मौन, असा व्यवहार असेल, तर विज्ञान कोठवर चालवावयाचें याची हद्द आम्ही तिला आंखून देत होतों. आणि ती हद्द नेमकी जेथें आमचें घर लागतें तेथें पडत होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें जें कार्य आरंभिलें आणि पुढें कोसबाडच्या टेकडीवर नेलें, त्यांतली कुरणशाळा मला या संदर्भांत फार आठवते. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत, तर शाळेनें कुरणांत जावें, असा तो विचार होता. तेथें गवत होतें, ओढा होता, गुरें होतीं. कुरणांत जावयास आपण एका पायावर तयार होऊं. नाल्याच्या कांठीं शाळा नेण्याचें धैर्य किती जणांपाशीं आहे, मला ठाऊक नाहीं.

वडिलांनीं अखेर उत्तर दिलें. तिला जवळ घेऊन तो म्हणाला, "आमच्या कारखान्याचं पाणी आधी शुद्ध करायला पाठवतात. नियम तसा आहे. पण सगळे कारखाने, सगळे दिवस, तसंच करतात असं मला तुला सांगता येणार नाही."

"तुमचा?"

"मी असतो तेव्हा करतात," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानें, "रात्रपाळीला मी नसतो."

तिनें वही उघडली, फुलीच्या खालीं थोडी जागा होती तेथें पेन्सिलीनें 'पाण्यांत कांहीं घातलें नाहीं तर रंग नसतो' असें लिहिलें, आणि 'वासाचं उद्या बाईंना विचारते' म्हणून दप्तर भरूं लागली.